वचनबद्धतेचा 'सन्मान' आणि करारातलं 'करावे'

वादस्पर्धेच्या पत्रकावर छापलेलं एक वाक्य चर्चेसाठी आलं आहे: 'राष्ट्रीय सरकारने आंतरराष्ट्रीय हवामान वचनबद्धतांचा सन्मान करावा का?' विचारणा अशी, की 'वचनबद्धतांचा सन्मान' हे मराठी आहे का? आणि नसेल तर बांधिलकी, हमी, आश्वासन, शब्द यांपैकी काय घ्यावं?

सन्मानाचं आधी उरकून टाकू. मराठीत सन्मान माणसाचा होतो, शाल-श्रीफळ देऊन. वचन पाळायचं असतं. शब्द आपला असेल तर पाळतात, दुसऱ्याचा असेल तर राखतात. करार पाळतात, उद्दिष्ट गाठतात, जबाबदारी पार पाडतात, बांधिलकी जपतात. 'वचनबद्धता' ही तर अवस्था आहे. माणूस वचनबद्ध असतो किंवा नसतो. त्या अवस्थेचं अनेकवचन करून मग ती 'पूर्ण' करणं ही बातम्या घाईत भाषांतरित करणाऱ्यांची देणगी. 'वचन निभावलं' हेही हिंदीतून आलेलं. आपल्याकडे वेळ निभावून नेतात, म्हणजे कसंबसं तरून जातात. (काही देशांच्या हवामान धोरणाला हे क्रियापद फिट्ट बसतं, ती गोष्ट वेगळी.)

खरा पेच नामाचा आहे, कारण २०१५च्या पॅरिस हवामान करारात नेमकं काय दिलं-घेतलं गेलं यावर ते ठरतं. २०१३ साली वॉर्साच्या हवामान परिषदेत या कराराची तयारी चालू असताना मसुद्यात सगळ्या देशांसाठी 'कमिटमेंट', म्हणजे वचनबद्धता, हा शब्द होता. भारत आणि चीन त्यावर अडून बसले. आधीच्या क्योटो हवामान करारात तो शब्द फक्त श्रीमंत देशांना लागू होता, आता आम्हालाही त्याच दावणीला बांधता का, हा त्यांचा आक्षेप. शेवटी 'कमिटमेंट' जाऊन 'काँट्रिब्यूशन' आलं. आज सरकारी कागदांत 'राष्ट्रीय निर्धारित योगदान' दिसतं ते त्यामुळे. म्हणजे पत्रकातल्या वाक्यात जो शब्द आहे, तोच आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांनी खटपट करून काढायला लावला होता!

दोन वर्षांनी पॅरिसमध्ये याहून मजेदार प्रकार घडला. १२ डिसेंबर २०१५ला अंतिम मसुदा हाती आला, तर कलम ४.४ मध्ये विकसित देशांनी उत्सर्जन कमी करण्यात पुढाकार घेण्याबद्दल 'शॅल', म्हणजे बंधनकारक शब्द, पडलेला. अमेरिकेला ते चालणार नव्हतं; तेवढ्या एका शब्दासाठी करार सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तिथे तो टिकला नसता. सभा खोळंबली. मग सचिवालयाने इतर किरकोळ दुरुस्त्यांबरोबर 'शॅल'च्या जागी 'शुड' वाचून दाखवलं, मुद्रणदोष सुधारावा तसं, आणि करार मंजूर झाला. आपल्या कायद्याच्या मराठीत 'शॅल'साठी साधा भविष्यकाळ वापरतात: 'राज्य अमुक करील'. सामान्य वाचकाला ते भाकीत वाटतं, वकिलाला बंधन. 'शुड'साठी 'करावे'. पत्रकातल्या वाक्याच्या शेवटी 'करावा' आहे, ते पॅरिसच्या चालीवर आपोआपच बरोबर बसलं आहे.

तेव्हा नाम निवडताना थर पाहावेत. दर पाच वर्षांनी आपल्या योगदानाची योजना तयार करून सादर करणं हे सक्तीचं. कायद्याच्या भाषेत ते 'आबंधन'. योजनेतला आकडा गाठणं मात्र त्या अर्थाने सक्तीचं नाही, गाठण्यासाठी देशांतर्गत उपाय करत राहणं सक्तीचं आहे. आकड्याला 'उद्दिष्ट' किंवा 'संकल्प' म्हणावं. भारताने २०२२ साली दिलेल्या योजनेत २०३०पर्यंत स्थापित वीजक्षमतेचा ५० टक्के वाटा बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) स्रोतांचा असेल असं म्हटलं होतं. ते उद्दिष्ट २०२५मध्येच गाठलं. इथेही शब्द जपून वापरावा लागतो. क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजून बराच मोठा आहे. आणि २०२१च्या ग्लासगो हवामान परिषदेच्या व्यासपीठावरून पंतप्रधानांनी जाहीर केलेला ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमतेचा आकडा त्या लेखी योजनेत आलाच नाही. त्याला फार तर 'घोषणा' म्हणता येईल.

'हमी' शोभते ती पैशाला. २००९ साली कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांनी विकसनशील देशांच्या हवामान कामांसाठी २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचं मान्य केलं. त्यांच्याच संघटनेच्या हिशोबाने तो आकडा पहिल्यांदा २०२२मध्ये गाठला गेला. धनादेश वटला, पण दोन वर्षं उशिरा. 'आश्वासन' मी टाळेन. आपल्या विधिमंडळात मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करायला वेगळी आश्वासन समिती नेमावी लागते, यावरून त्या शब्दाचा भाव कळतो.

उद्दिष्ट ऐच्छिक म्हणून सोडून दिलं तरी चालेल, असं मात्र मला वाटत नाही. २३ जुलै २०२५ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेलं मत सल्ल्यापुरतं असलं तरी त्यात स्पष्ट म्हटलं आहे, की योगदान किती ठरवायचं हे पूर्णपणे देशाच्या मर्जीवर नाही आणि ते गाठण्यासाठी कसोशीने प्रयत्न करणं हे आबंधन आहे. शिवाय करारात शब्द देणारा पक्ष 'देश' असतो, 'सरकार' नव्हे. अमेरिकेने २०१७मध्ये पॅरिस करारातून बाहेर पडण्याचं जाहीर केलं, २०२१मध्ये ती परत आली, २०२५च्या जानेवारीत पुन्हा बाहेरचा आदेश निघाला. सरकारं बदलली तसा देशाचा शब्द फिरला. असं होऊ लागलं तर पुढच्या वाटाघाटीत समोरचा कशाच्या भरवशावर बसेल?

स्पर्धेसाठी वाक्य असं सुचवतो: 'हवामान करारात देशाने दिलेला शब्द प्रत्येक सरकारने पाळावा का?' विरोधी बाजूला बोलायला जागा हवी असेल तर 'दिलेला शब्द'च्या जागी 'जाहीर केलेली उद्दिष्टे' घाला आणि 'पाळावा'चं 'गाठलीच पाहिजेत' करा. मग वाद चांगला रंगेल.