टेबलाची उंची कोपरावरून ठरते

कारखान्यातील अंगदुखीविषयीच्या पत्रांत तोच गोंधळ वारंवार दिसतो, म्हणून काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझे वजन उंचीच्या मानाने जास्त आहे. कंबर त्यामुळेच दुखते का?

उत्तर : केवळ वजनावरून ते सांगता येत नाही, अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

प्रश्न : मी चाकणला असेंब्ली लाइनवर उभ्याने काम करते. माझी उंची ४ फूट ११ इंच, शेजारच्या सहकाऱ्याची ५ फूट ९ इंच. टेबल मात्र एकाच उंचीचे. कामाची पाळी संपेपर्यंत माझे खांदे भरून येतात आणि त्याची मान आखडते. सुपरवायझर म्हणतात, सवय होईल.

उत्तर : सवय होत नाही, दुखणे मुरते. तुम्हा दोघांच्या कोपरांच्या उंचीत सुमारे १५ सेंटिमीटरचा फरक असणार आणि टेबल त्या मापावरून ठरायला हवे. कामावरचे बूट घालून ताठ उभे राहा, दंड अंगालगत सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. हलक्या जुळणीसाठी हात या पातळीच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली चालावेत, बारीक कामासाठी ५ ते १० सेंटिमीटर वर, आणि जोर लावायचा असेल तर आणखी खाली. येथे पातळी हातांची मोजायची, टेबलाच्या फळीची नव्हे. टेबलावर २० सेंटिमीटरचे फिक्स्चर (काम करायची वस्तू पकडून ठेवणारा साचा) बसवले, तर फळी तेवढीच खाली यायला हवी, हे कित्येक ठिकाणी कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘सरासरी कामगारा’साठी बेतलेले टेबल तुम्हाला उंच पडते आणि त्याला ठेंगणे. उंची बदलणारे टेबल मिळत नसेल, तर ते उंच व्यक्तीच्या मापाने बसवून इतरांना रुंद, न घसरणारा मंच द्यावा. मात्र विटा किंवा खोकी स्वतःहून पायाखाली घेऊ नका. सुरक्षा अधिकाऱ्यांशी बोला आणि खांदे डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : ओझी उचलणाऱ्यांना कंपनीने कमरेचे पट्टे दिले आहेत. आता धोका नाही ना?

उत्तर : आहे. निरोगी कामगाराला पट्ट्यामुळे इजेपासून संरक्षण मिळते याला पुरावा नाही, असे अमेरिकेच्या ‘नायॉश’ या कामगारांच्या सुरक्षा व आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९९४ मध्येच स्पष्ट केले. तरीही विक्रेते तो खपवतात आणि ओझे तसेच राहते. पैसा ट्रॉलीवर खर्च करावा. डॉक्टरांनी एखाद्याला पट्टा लिहून दिला असेल, तर तो त्यांच्या सल्ल्यानेच वापरावा.

प्रश्न : मी शिलाई मशीन चालवते. तीन महिने रात्री अंगठ्याला व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात. तेल चोळू का?

उत्तर : तेलात वेळ घालवू नका. मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता आहे आणि उशीर झाल्यास अंगठ्याच्या बुडाचा स्नायू खंगतो. याच आठवड्यात कामगार विमा (ईएसआय) रुग्णालयात जा आणि दिवसभर हात कसा वाकवता, ते डॉक्टरांना करून दाखवा.