ट्रॅव्हल एक्स्पोच्या गर्दीत युरोपची टूर बुक करावी का?

तुम्ही विचारलंय की पुढच्या रविवारी ठाण्यात ट्रॅव्हल एक्स्पो आहे, आई-बाबांना (६८ आणि ७२) घेऊन मे महिन्यात युरोपला जायचंय आणि तिथे जागेवर बुकिंग केलं तर माणशी दहा-पंधरा हजार कमी होतात असं ऐकलंय, तर करून टाकावं का?

जरूर जा, पण पैसे भरायला जाऊ नका. कार्ड घरी ठेवा. यूपीआय फोनमध्येच असतं, त्यामुळे फोनचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आमचं काय झालं ते सांगते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात एका मंगल कार्यालयात असं प्रदर्शन भरलं होतं. मी, नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई (तेव्हा ७१) असे चौघं गेलो. आत शिरले आणि वाटलं, लग्नालाच आलोय. रुखवताभोवती बायका जमतात तशी एकेका स्टॉलभोवती माणसं, मधोमध थर्माकोलचा आयफेल टॉवर, त्याच्यापुढे सेल्फीची रांग, आणि माइकवरून सारखं लकी ड्रॉच्या कुपनांचं चाललेलं. एका स्टॉलवर तर प्रत्येक बुकिंगला घंटा वाजवत होते. टण् झालं की आजूबाजूचे चार जण वळून बघायचे आणि त्यातले दोघं खुर्ची पुढे ओढायचे. (घंटा खरंच बुकिंगला वाजते की अधूनमधून उगाच, हे मी बराच वेळ बघत उभी होते. छडा लागला नाही.)

आम्हाला सकाळी अकराला सांगितलं, "मॅडम, अठरा मेच्या बॅचला शेवटच्या सहा सीट. ऑफर आज रात्री आठपर्यंतच." बाहेर जाऊन मिसळ खाऊन आलो. तोवर घंटा कितीदा वाजली असेल, पण सीट सहाच्या सहा. हे डोळ्यांसमोर दिसत असूनही आम्ही साडेसातला टोकन भरलं. माणशी २५ हजार. गर्दीत दिवसभर उभं राहिलं की माणसाला निर्णय घेण्यापेक्षा मोकळं व्हायची घाई होते, दुसरं काही नाही. मंगळवारी माझी नणंद त्याच कंपनीच्या ऑफिसात गेली. तिला त्याच तारखेसाठी तीच १२ हजारांची सूट मिळाली, वर एक ट्रॉली बॅग.

सूट खोटी नव्हती, "आठपर्यंत" तेवढं खोटं होतं. ग्रुप टूरवाल्यांना विमानाच्या आणि हॉटेलच्या जागा काही महिने आधी अडवून ठेवाव्या लागतात, त्यांचे पैसे आधी गुंततात. म्हणून मे महिन्याच्या तारखा लवकर भरल्या तर त्यांना हवंच असतं आणि त्यासाठी ते सूट देतात. ती हळूहळू कमी होत जाते. ऐन सुटीच्या तारखेला फार उशीर करू नये हे खरं, पण चार दिवस घरी विचार केल्याने आभाळ कोसळत नाही.

मग एक्स्पोला जायचंच कशाला? तर आठ-दहा कंपन्यांचे कार्यक्रम एका दुपारी शेजारी-शेजारी ठेवून वाचायला मिळतात म्हणून. एरवी एकेका ऑफिसात गेलात तर प्रत्येक जण चहा पाजून आपलंच खरं करतो. (जाताना एवढं बघून घ्या की प्रदर्शन आपल्यासारख्यांसाठी आहे ना. मुंबईत बीकेसीला ओटीएम नावाचं प्रदर्शन भरतं ते मुख्यतः धंद्यातल्या लोकांसाठी असतं.) मी सगळ्यांची ब्रोशरं गोळा करून आणली होती आणि घरी जेवणाच्या टेबलावर पसरून फक्त पॅरिसचा एक दिवस सगळीकडे वाचला. वाचायचं होतं आधी आणि भरायचं नंतर, आम्ही उलटं केलं. पण त्या वाचण्यातून मला या धंद्याची भाषा कळली.

ठिकाणांची नावं सगळ्यांची सारखीच असतात. फरक असतो तो त्या नावापुढच्या शब्दात. 'एंट्री' किंवा तिकिटासह लिहिलं असेल तरच तुम्ही आत जाता. 'व्ह्यू' म्हणजे लांबून दर्शन. 'फोटो स्टॉप' म्हणजे बस थांबते, तुम्ही उतरता, फोटो काढता, चढता. 'पॅनोरॅमिक टूर' किंवा 'ओरिएंटेशन' म्हणजे बसच्या काचेतून, बहुतेक नेमकं तुमच्या उलट्या बाजूला. 'ऑप्शनल' म्हणजे तिकडे गेल्यावर वेगळे युरो काढा. आयफेल टॉवर एकाकडे दुसऱ्या मजल्यापर्यंत होता, एकाकडे अगदी वरपर्यंत, आणि एकाकडे सेन नदीतल्या क्रूझवरून नुसता बघायचा. तिघांच्याही मुखपृष्ठावर फोटो आयफेलचाच. हॉटेलचं तसंच. 'व्हेनिस' लिहिलेलं हॉटेल बहुधा मेस्त्रेला असतं, म्हणजे पाण्यातल्या व्हेनिसच्या अलीकडे, जमिनीवर. त्यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, मोठ्या ग्रुपची बस तिथवरच सोयीची पडते. पण सकाळी खिडकी उघडल्यावर गोंडोला दिसेल असं सासूबाईंना कोणी सांगू नये. आम्ही सांगितलं होतं.

सासूबाईंनीच मात्र एक गोष्ट प्रदर्शनात तिथल्या तिथे पकडली. गच्चीत पन्नास कुंड्या आहेत त्यांच्या. हॉलंडच्या पानावर ट्यूलिपचे पट्टेच्या पट्टे बघून त्यांनी स्टॉलवरच्या मुलाला विचारलं, "अरे, मेच्या शेवटाला ट्यूलिप राहतात का रे?" तो म्हणाला, "हो आजी, फुल गार्डन असतं." क्युकेनहॉफ हे ट्यूलिपचं उद्यान वर्षातून साधारण आठच आठवडे उघडं असतं. २०२५ ला ते २० मार्च ते ११ मे होतं. आमची बॅच निघणार १८ मेला. मी फोनवर तारखा काढून दाखवल्या तेव्हा त्याने कार्यक्रमाच्या तळाशी बोट ठेवलं, तिथे बारीक अक्षरात 'हंगामात' असं होतं. ट्यूलिपसाठी जाणार असाल तर शाळांच्या सुटीतल्या बहुतेक तारखा बाद होतात, एवढं लक्षात असू द्या.

आता पैसे. खरी मेख इथे आहे. बॅनरवर ठळक होतं १,४०,०००. त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह आणि लहान टाइपात २,००० युरो. जानेवारीत युरो ९० रुपयांच्या आसपास होता, म्हणजे माणशी ३,२०,०००. त्यावर पाच टक्के जीएसटी, झाले ३,३६,०००. त्या सगळ्यावर तेव्हाच्या दराने पाच टक्के टीसीएस (टूरवाला आपल्याकडून आधीच घेऊन सरकारात भरतो तो आयकर), म्हणजे आणखी १६,८००. एक-चाळीसचे झाले साडेतीन लाखांच्या वर, आणि यात पुणे-मुंबई गाडी, टिप, ऑप्शनल काही नाही. हा हिशेब स्टॉलवर कोणी आपणहून मांडत नाही. विचारलंत तर मांडतात.

आणि ते २,००० युरो बुकिंगच्या दिवशीच्या भावाने धरत नाहीत, तुम्ही भराल त्या दिवशीच्या भावाने धरतात. आम्ही टोकन रुपयांत भरलं आणि युरोचा भाग मुलाची दहावी संपल्यावर बघू म्हणून ठेवून दिला. एप्रिलमध्ये भरायला गेलो तेव्हा युरो ९७ च्या घरात. माणशी १४ हजार वाढले. सूट मिळाली होती १२. मी सहकारी बँकेत नोकरी करते, दिवसभर दुसऱ्यांना मुदत ठेवींची कोष्टकं समजावते, आणि हे माझ्याच्याने झालं. नवऱ्याने त्यावर अजून एक अक्षर काढलेलं नाही, ते जास्त लागतं. तुम्ही एकच करा. पूर्ण किंमत रुपयांत ठरते का, की परकीय चलनाचा भाग वेगळा आहे आणि तो कोणत्या दिवशीच्या दराने, हे विचारा आणि लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर लिहून दिलं तरी चालेल, तोंडी नको.

टीसीएसबद्दल लोक उगाच घाबरतात. तो खर्च नाही, तो तुमच्या पॅनवर जमा होतो, आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदीत (आमच्या वेळी फॉर्म २६एएस) दिसतो आणि विवरणपत्र भरताना करातून वजा होतो किंवा परत मिळतो. मात्र कोणाच्या पॅनवर जातोय ते बघा. आम्ही बुक केलं तेव्हा वर्षाला एका पॅनवर सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि वरच्या रकमेवर २० टक्के असा नियम होता. चौघांचे सगळे पैसे एकाच वर्षात नवऱ्याच्या एकट्याच्या पॅनवर गेले असते तर वरच्या रकमेवर २० टक्के अडकले असते. एप्रिल २०२५ मध्ये ती मर्यादा दहा लाख झाली होती. हे दर बदलत असतात, तुम्ही भराल त्या दिवशीचा विचारा. आणि आईंचा पॅन दिलात तर त्या विवरणपत्र भरतात का? नसतील भरत, तर त्या परताव्यासाठी भरावं लागेल. सासूबाईंचं आम्ही त्यासाठीच भरलं.

व्हिसाचं एक्स्पोत कोणी "गॅरंटीड" म्हणालं तर त्या स्टॉलवरून उठा. व्हिसा वकिलात देते, टूरवाला फक्त कागद लावून देतो. शेंगेनची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाची) फी जून २०२४ पासून मोठ्यांसाठी ९० युरो आहे आणि नाकारला तर ती परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे मेसाठी एप्रिलची वाट बघू नका, अपॉइंटमेंटची मारामार होते. लंडन जोडलेलं पॅकेज असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि फी वेगळी. तुम्ही चौघं असाल आणि एकट्या बाबांचा नाकारला गेला, तर बाकीच्यांच्या पैशांचं काय, हा प्रश्न मात्र आवर्जून विचारा. बुकिंग फॉर्मच्या मागच्या बाजूला रद्द करण्याचे टप्पे छापलेले असतात. आमच्या फॉर्मवर टोकन परत मिळणार नाही हे पहिल्याच ओळीत होतं. मी ते वाचलं गाडीत, सिग्नलला.

आई-बाबांच्या बाबतीत अजून थोडं. स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोखचं डोंगरावरचं रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. बाबांना बीपी किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ते पॅकेजमध्ये असलं तरी वर गेलंच पाहिजे असं नाही. सासूबाई खालीच थांबल्या आणि तिथल्या ग्रिंडेलवाल्ड गावात त्यांना जे दिसलं ते आम्हाला वर ढगात दिसलं नाही. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमा कवच लागतं. पॅकेजमधला विमा किती वयापर्यंत आहे आणि आधीपासूनचे आजार त्यात धरतात का, हे ७२ वर्षांच्या माणसासाठी सूट किती यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. रोज चालणं किती, हे सेल्सवाल्याला विचारू नका, तो "काही नाही हो" म्हणणार. स्टॉलवर एखादा खरा टूर मॅनेजर बसलेला असतो, बहुतेक मागे, कंटाळलेला. त्याला गाठा. आमच्या वेळच्या एकाने सरळ सांगितलं की व्हेनिसला बस लांब थांबते, मग बोट, मग पुलांच्या पायऱ्या, आजींना काठी घ्या. सबंध प्रदर्शनात कामाचं बोललेला तो एकच माणूस.

आई-बाबांना रविवारी सोबत नेणार असाल तर सकाळी दार उघडताना न्या आणि तासाभरात बाहेर पडा. बसायला खुर्च्या फक्त बुकिंग करणाऱ्यांना मिळतात, आणि दमलेली आई शेजारी उभी असली की आपण सही लवकर करतो.

आणि आज घरी गेल्यावर दोघांचे पासपोर्ट कपाटातून काढा. शेंगेनमधून परत निघायच्या तारखेपुढे किमान तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. सासूबाईंचा ऑगस्टच्या नऊ तारखेला संपत होता आणि आम्ही परतणार होतो २८ मेला. टोकन भरून झाल्यावर लक्षात आलं, मग तत्काळमध्ये नवा काढला आणि बुकिंगमधला नंबर बदलून घ्यायला त्या ऑफिसात दोनदा खेपा घातल्या.