नोकरी स्वीकारण्याआधी लेकीने काय विचारावं?

प्रश्न : मुलगी यंदा बी.एड. झाली. राज्य मंडळाच्या एका विनाअनुदानित शाळेत १२,००० रुपयांवर बोलावलंय. सही मात्र जास्त रकमेवर करायची. घरचे म्हणतात, तळमळ असेल तर पगार कितीही असो, माणूस नीट शिकवतोच. खरं आहे का? – एक आई, बार्शी

ताई, नमस्कार.

तळमळ हवीच. पण महिनाअखेरीला घरभाडं थकलं की तीच मुलगी शिकवण्या घेऊ लागेल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. तरी घेतल्या जातात, आणि पुढे काय होतं ते मी पालकांकडून कायम ऐकते. वर्गात गणित अर्धवट सोडायचं, 'उरलेलं संध्याकाळी'. मग शिकवणीच्या मुलांना अंतर्गत गुणांत हात सैल सुटतो. वाईट माणसंच असं करतात असं नाही. गरज करायला लावते.

दुसरी गोष्ट नोकरीच्या शाश्वतीची. संस्थाचालकाने 'या मुलाला पास करा' म्हटलं, तर नाही कोण म्हणू शकेल? ज्याच्या हातात रीतसर नियुक्तिपत्र आहे तो. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे. तो विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. त्यात नोकरीवरून काढल्यास शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. तोंडी नेमणुकीवर आपण नोकरीत होतो हे सिद्ध करतानाच दमछाक होते.

पूर्ण पगार घेऊन वर्गावर न जाणारेही आहेत, हे मान्य. तिथे मुख्याध्यापकांचं लक्ष आणि सहकाऱ्यांची साथ कमी पडते. म्हणून पगाराइतकंच हेही पाहा : नव्या शिक्षिकेचा तास कुणी पाहून चार गोष्टी सांगतं का? ती आजारी पडली तर वर्ग कोण घेतं, की ताप अंगावर काढून यायचं? प्रसूती रजा पगारी मिळते का? दोन-तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, हे तिथल्याच एखाद्या शिक्षिकेला शाळेबाहेर गाठून विचारा.

जास्त रकमेवर सही मात्र करू देऊ नका. नोकरीची पहिलीच सही खोटी असेल, तर पुढे निकालपत्रकावर खरी सही करताना तिला कोण बळ देणार? पगार बँकेत, भविष्यनिर्वाह निधी आणि लेखी नेमणूक, एवढं मिळत नसेल तर नकार द्या. शिक्षकभरतीसाठीच्या अभियोग्यता चाचणीची तयारी सुरू ठेवा. राज्याच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड झाली तर आधी शिक्षणसेवक म्हणून मानधनावर तीन वर्षं काढावी लागतील, पण माध्यमिकला २०२३ पासून १८,००० मानधन आहे आणि पुढे वेतनश्रेणी.