बुलेटचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन कव्हर घरी बफ करून चमकवता येतं का?

येतं, पण खरी चमक बफिंगच्या फिरत्या चाकापेक्षा वॉटर पेपरवर (पाण्यासोबत घासायच्या सँडपेपरवर) ठरते. कव्हरवर लॅकर (पारदर्शक संरक्षक थर) असेल तर आधी पेंट रिमूव्हरने काढा. मग ४००, ८००, १२०० नंबरचे पेपर पाण्यासोबत क्रमाने घासा. खरखरीत (कमी नंबरच्या) पेपरचे ओरखडे राहिले तर बफिंगनंतर ते उलट उठून दिसतात. नंतर सिसलच्या (राठ दोऱ्याच्या) चाकावर तपकिरी बफिंग सोप (पॉलिशची वडी), शेवटी मऊ सुती चाकावर पांढरा. दोन्ही सोप एकाच चाकावर लावू नका. पार्ट चाकाच्या मध्याखाली धरा, कड चाकासमोर आली की तो हातातून हिसकला जातो. गॉगल आणि मास्क हवाच. क्रोमच्या सायलेन्सरवर मात्र हे करू नका: थर इतका पातळ असतो की खालचं निकेल उघडं पडतं.