पोटातील महाधमनीचा फुगवटा : शस्त्रक्रिया केव्हा करावी?

प्रश्न : माझे वय 67 आहे. प्रोस्टेटच्या तक्रारीसाठी केलेल्या सोनोग्राफीत पोटातील महाधमनी फुगून 4.2 सेंटिमीटर झाल्याचे, म्हणजे ॲन्युरिझम असल्याचे आढळले. मला कसलाही त्रास नाही. सिगारेट अजून पूर्ण सुटलेली नाही. माझे थोरले बंधू पोटातली हीच धमनी फुटून वारले. मी लगेच शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

उत्तर : बंधूंच्या मृत्यूनंतर आपल्याला वाटणारी धास्ती मी समजू शकतो, तरीही आज शस्त्रक्रियेची गरज दिसत नाही. ही धमनी साधारण 2 सेंटिमीटर रुंद असते आणि 3 सेंटिमीटर झाली की तिला ॲन्युरिझम म्हणतात. 4 ते 5.5 सेंटिमीटरच्या फुगवट्यावर आधीच शस्त्रक्रिया केल्याने रुग्ण अधिक जगतात असे ब्रिटन आणि अमेरिकेतील मोठ्या चाचण्यांत दिसले नाही. म्हणून पुरुषांमध्ये 5.5 सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. स्त्रियांमध्ये धमनी कमी रुंदीलाही फुटू शकत असल्याने 5 सेंटिमीटरलाच विचार होतो. आपण दरवर्षी सोनोग्राफी करावी आणि रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांना आताच एकदा भेटून ठेवावे. वर्षात सेंटिमीटरभर वाढ झाली किंवा पोट-पाठ दुखू लागली, तर वेळापत्रकाची वाट पाहू नये.

त्रास नाही, याचा मात्र आधार घेऊ नका. फुटेपर्यंत हा फुगवटा बहुधा काहीच जाणवू देत नाही, आणि फुटल्यावर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. याच कारणासाठी इंग्लंडमध्ये 65 व्या वर्षी प्रत्येक पुरुषाला एकदा सोनोग्राफीसाठी बोलावतात. आपल्याकडे तशी राष्ट्रीय योजना नाही. त्यामुळे हा फुगवटा आपल्याप्रमाणे दुसऱ्याच तपासणीत सापडतो किंवा सापडतच नाही. घरात दोघांना हा आजार निघाल्यावर पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या इतर भावंडांची सोनोग्राफी व्हायलाच हवी, बहिणींचीसुद्धा.

सिगारेट आजच पूर्णपणे बंद करावी, असे मी आग्रहाने सांगतो. फुगवटा वाढण्यात आणि फुटण्यात तिच्याइतका मोठा वाटा आपल्या हातातील दुसऱ्या कशाचाच नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवावा, कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावे. प्रोस्टेट किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन ही औषधे सर्रास दिली जातात; दुसरा पर्याय असताना ॲन्युरिझमच्या रुग्णांना ती देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2018 मध्ये दिला आहे. तेव्हा औषध लिहून घेण्यापूर्वी हा अहवाल अवश्य दाखवावा.

पोटात किंवा पाठीत अचानक असह्य कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर सीटी स्कॅन आणि अशा शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच जावे. अशी कळ मूतखड्याची समजली जाऊन मोलाचा वेळ वाया जातो. म्हणून दारातच ‘ॲन्युरिझम आहे’ हे सांगायचे, एवढे घरच्या प्रत्येकाला माहीत असू द्या.