घरदुरुस्ती : पडणारा आरसीसीबी, करपलेले सॉकेट आणि उचकटलेली फरशी

प्रश्न : गिझर लावला की सात-आठ मिनिटांत घरातली सगळी वीज जाते. गिझरचा एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच) वरच असतो, पण शेजारचा आरसीसीबी खाली पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, तो काढून थेट वायर जोडून देतो. चालेल का?

उत्तर : अजिबात चालणार नाही. आरसीसीबी एकच गोष्ट पाहतो: फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का? घरात सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो; तेवढा फरक पडायच्या आतच तो वीज तोडतो. म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने जातो आहे, आणि अर्थिंग कमकुवत असेल तर ती वाट अंघोळ करणाऱ्याच्या अंगातून असू शकते. त्याला बायपास करणे म्हणजे गळती तशीच ठेवून तिची सूचना तेवढी बंद करणे.

लगेच न पडता पाणी तापू लागल्यावर पडतो, यावरून पहिला संशय कॉइलवर जातो. कॉइलच्या नळीला बारीक चीर गेली की आत ओल शिरते आणि गळती होते. तरी खात्री करून घ्या. गिझरचा प्लग काढून दिवसभर बाकीचे घर चालवा. आरसीसीबी टिकला तर दोष गिझरमध्ये. मग इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासणी करून घ्या: प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिना एकत्र करून त्या आणि अर्थची पिन यांच्यामध्ये, गिझरचा स्वतःचा स्विच चालू ठेवून. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर कॉइल बदला. साध्या मल्टिमीटरच्या 'ठीक आहे'वर विसंबू नका. त्याचा व्होल्टेज इतका कमी असतो की अशी गळती अनेकदा दिसतच नाही.

कॉइलबरोबर गॅस्केट नवे घाला आणि टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर तोही बदला. टाकी भरून गरम पाण्याच्या नळातून अखंड धार आल्याशिवाय स्विच लावू नका. कोरडी तापली तर नवी कॉइल लगेच जळते.

प्लग काढूनही आरसीसीबी पडत असेल तर सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी चढवा आणि एकेक एमसीबी लावत जा. ज्यावर पडेल त्या सर्किटवर संशय. पण इथे एक अडचण असते. साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. कुठे न्यूट्रल अर्थला टेकला असेल, तर त्या सर्किटचा एमसीबी खाली असूनही दुसऱ्याच सर्किटवर लोड आला की आरसीसीबी पडतो आणि निर्दोष उपकरणावर आळ येतो. अशा वेळी मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरच्या (सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीवरच्या) वायरी एकेक सोडवून शोधावे लागते. हे काम इलेक्ट्रिशियनचेच.

आरसीसीबीवरचे 'टी' बटण दर तीन महिन्यांनी दाबा. दाबूनही पडला नाही तर तो बदला.

प्रश्न : हीटरचे १६ अँपिअरचे सॉकेट करपले आहे, पण एमसीबी कधीच पडला नाही. जास्त क्षमतेचा एमसीबी बसवू का?

उत्तर : नको. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो, त्यामुळे एमसीबीला पडायचे कारणच नाही. उष्णता सैल जोडातून येते. मेन बंद करा, सॉकेट उघडा, काळवंडलेली तार चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापा. सॉकेट आणि प्लग दोन्ही नवे घ्या. जुन्या प्लगच्या सैल पिना नवे सॉकेटही करपवतात. स्क्रूखाली जाणाऱ्या तारेच्या टोकाला सोल्डर लावू नका, ते दाबाखाली हळूहळू सरकते आणि जोड पुन्हा ढिला होतो. वायर किमान २.५ चौरस मिलिमीटरची आहे ना, तेही पाहा.

प्रश्न : हॉलमधल्या दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्सपैकी दोन मोठा आवाज होऊन तंबूसारख्या वर आल्या. बाजूच्याही पोकळ वाजतात. वरून सिमेंट ओतून बसतील का?

उत्तर : बसणार नाहीत. उष्णतेने फरशी थोडी पसरते. सांधे एकमेकांना चिकटून आणि कडा भिंतीला टेकून लावल्या असतील तर पसरायला जागा नसते आणि जिथे पकड कमी तिथे त्या उचकटतात. पकड कमी का, तर व्हिट्रिफाइड टाइल पाणी जेमतेम शोषते (०.५ टक्क्यांपर्यंत), त्यामुळे साधी सिमेंटची स्लरी तिला नीट धरत नाही.

आधी नाण्याने ठोकून पोकळ टाइल्सवर खडूने खुणा करा. हलणाऱ्या काढा, एखादाच कोपरा पोकळ वाजतो आणि पाय दिल्यावर हलत नाही, ती राहू द्या. खालचा भुसभुशीत माल छिन्नीने काढा, धूळ पुसा, पातळीत पाच-सहा मिलिमीटर जागा अॅडहेसिव्हला ठेवा. पॉलिमरयुक्त टाइल अॅडहेसिव्ह १० मिलिमीटर दातांच्या थापीने एकाच दिशेने ओढा आणि टाइलच्या पाठीवरही पातळ थर द्या. चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे ठेवून टाइल बसवणाऱ्याला तिथेच थांबवा. पोकळी त्यातूनच होते. पहिली टाइल बसवली की एकदा उचलून पाहा: पाठीचा निदान ८० टक्के भाग माखलेला हवा. थरावर बोट लावून ते कोरडे आले, तर तो थर खरवडून नवा लावा.

सांधा किमान २ मिलिमीटर ठेवा. भिंतीकडेने ८ ते १० मिलिमीटर फट सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. तीत माल भरू देऊ नका. चोवीस तास पाय ठेवू नका, ग्राउट (सांध्यातला भराव) त्यानंतर.

प्रश्न : फरशी काढताना छिन्नीने खालचा पीव्हीसी पाइप फुटला, आतल्या वायरवर चर गेली. टेप लावून बुजवू का?

उत्तर : नको. मेन बंद करा. पुरलेल्या पाइपात जोड ठेवायचा नसतो. फुटलेला तुकडा कापून कपलर (जोडनळी) आणि सोल्व्हेंट सिमेंटने (पीव्हीसीच्या गोंदाने) पाइप जोडा. मग स्प्रिंग (पाइपातून वायर ओढायची लवचीक तार) घालून बॉक्स ते बॉक्स अखंड नवी वायर ओढा आणि ती सहज सरकते हे पाहूनच वर अॅडहेसिव्ह लावा.