हॅलोवीनला अमेरिकेतले लोक जुने कृष्णधवल मॉन्स्टर सिनेमे एवढ्या प्रेमाने का बघतात? त्यांची मजा कशी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी अमेरिकेत आल्यावरचा हा तुमचा पहिलाच ऑक्टोबर. ऑफिसात जो तो ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइनच्या जुन्या सिनेमांबद्दल हळवा होऊन बोलतो. म्हणून तुम्ही १९३१चा 'ड्रॅक्युला' लावलात, तर भीती राहिली बाजूला, अर्ध्यातच झोप आली. मग या लोकांना त्यात एवढं काय दिसतं?

मी शिकागोजवळच्या एका उपनगरात बरीच वर्षं राहतोय आणि हे सिनेमे मला मनापासून आवडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या झोपेबद्दल. त्यात तुमचं काही चुकलं नाही. 'ड्रॅक्युला' आला तेव्हा बोलपट नुकते कुठे रुळत होते. सुरुवातीच्या नावांवर चायकोव्हस्कीच्या 'स्वान लेक'चा तुकडा वाजतो आणि त्यानंतर पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. दार उघडायच्या आधी व्हायोलिन वाजणार, याची आपल्या कानांना सवय झालेली असते. इथे ऐकू येते ती ध्वनिपट्टीची खरखर आणि पावलं. ट्रान्सिल्व्हेनियातल्या किल्ल्याचा सुरुवातीचा भाग मात्र आजही अप्रतिम आहे. भलामोठा पडका जिना, कोळिष्टकं आणि हातात मेणबत्ती घेऊन सावकाश उतरणारा, ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी. पुढे गोष्ट लंडनला गेली की माणसं दिवाणखान्यात उभी राहून बोलत बसतात, कारण हा सिनेमा रंगमंचावरच्या नाटकावर बेतलेला आहे. लुगोसीनेच ती भूमिका १९२७ मध्ये ब्रॉडवेवर केली होती. पहिल्यांदा बघणाऱ्याला मी 'ड्रॅक्युला'पासून सुरुवात करायला कधीच सांगत नाही. तो तिसरा किंवा चौथा बघा, तेव्हा त्यातली शांतता कळू लागते.

सुरुवात करा त्याच वर्षीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'ने. दिग्दर्शक जेम्स व्हेल, लांबी जेमतेम सत्तर मिनिटं. यात भीती शोधू नका, राक्षस झालेल्या बोरिस कार्लोफच्या हातांकडे बघा. प्रयोगशाळेत प्रेतांचे तुकडे जोडून माणूस तयार झालाय, तो उलटा चालत दारातून आत येतो आणि हळूच वळतो. कॅमेरा तीन झेपांत त्याच्या चेहऱ्याजवळ जातो. १९३१ च्या प्रेक्षकांचा थरकाप उडाला तो इथे. पण खरी जागा पुढे आहे. त्याला बनवणारा डॉक्टर फ्रँकेन्स्टाइन छतातली झडप उघडतो आणि वरून उजेड येतो. या जीवाने जन्मात पहिल्यांदा उजेड पाहिलाय. तो तोंड वर करतो, दोन्ही हात उजेडाकडे नेतो, जणू तो मुठीत धरता येईल. तेवढ्यात झडप लावून घेतात. मग तो डॉक्टरसमोर नुसते तळवे पसरतो. त्याला बोलता येत नाही, पण 'ते परत द्या' एवढं त्या दोन हातांतून स्वच्छ ऐकू येतं. आणि त्यानंतर त्याच्या वाट्याला येते ती पेटती मशाल.

तळ्याकाठचा प्रसंगही असाच. मारिया नावाची छोटी मुलगी या राक्षसाला अजिबात घाबरत नाही, त्याच्या हातात फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यात सोडतात, ती होड्यांसारखी तरंगतात. तो हसतो. फुलं संपतात. तीही तरंगेल या समजुतीने तो मुलीलाच उचलून पाण्यात टाकतो, आणि ती वर येत नाही म्हटल्यावर कावराबावरा होऊन झाडीत पळतो. हे दृश्य पुढे सेन्सॉरच्या कात्रीत सापडलं. तो मुलीकडे हात नेतो तिथेच तोडलं, आणि थेट मुलीचं प्रेत हातात घेऊन गावातून चालणारा बाप दाखवला. मधे काय घडलं असेल याची प्रेक्षक भलतीच कल्पना करत राहिले. निष्पाप चुकीचा गुन्हा झाला तो या कात्रीमुळे. तुटलेला तुकडा १९८०च्या दशकात परत जोडला गेला, आज तुम्हाला पूर्ण प्रसंग बघायला मिळतो. मी तो कधीही कोरड्या डोळ्यांनी बघू शकत नाही.

तो चेहरा घडवला जॅक पिअर्स या मेकअपवाल्याने. कापूस आणि कलोडियन नावाचा चिकट द्राव यांचे थर देऊन कपाळ वाढवायचं, पापण्यांवर मेण चढवायचं, असं काम रोज काही तास चाले. कार्लोफने आपली कृत्रिम दातांची पट्टी काढून ठेवली, म्हणून गाल तसा आत गेलेला दिसतो. रंग हिरवट लावला, कारण कृष्णधवल फिल्मवर तो प्रेतासारखा फिकट उतरे. आणि एवढं करून सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे नटाचं नावच नाही, फक्त प्रश्नचिन्ह आहे.

इथे एक गोष्ट मराठी माणसाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कार्लोफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा. त्याच्या आईची सख्खी मावशी म्हणजे सयामच्या राजवाड्यात मुलांना शिकवणारी ॲना लिओनोवेन्स, आणि तिचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. हॉलीवूडच्या सगळ्यात प्रसिद्ध राक्षसाचं आजोळ असं आपल्या नगरपर्यंत येऊन पोचतं.

आता ऑफिसातल्या हळवेपणाकडे येतो. मजेची गोष्ट म्हणजे या सिनेमांचा मुळात हॅलोवीनशी संबंधच नव्हता. 'ड्रॅक्युला' फेब्रुवारीत आला, 'फ्रँकेन्स्टाइन' नोव्हेंबरात, 'द ममी' १९३२ च्या डिसेंबरात, 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' १९३५ च्या एप्रिलमध्ये, 'द वुल्फ मॅन' १९४१ च्या डिसेंबरात. ऑक्टोबर त्यांना चिकटला तो नंतर, आणि त्यात मोठा हात टीव्हीचा.

१९५७ मध्ये स्क्रीन जेम्स या कंपनीने, हे राक्षसपट काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या ५२ जुन्या सिनेमांचा गठ्ठा 'शॉक' या नावाने गावोगावच्या टीव्ही केंद्रांना दिला. केंद्रांनी ते रात्री उशिरा दाखवायला सुरुवात केली आणि मध्येमध्ये बोलायला शवपेटीतून उठणारा, पांढराफटक चेहरा रंगवलेला एखादा सूत्रधार बसवला. फिलाडेल्फियात रोलंड आणि मग न्यूयॉर्कमध्ये झॅकर्ली या नावाने काम करणारा जॉन झॅकर्ल हा त्यातला सगळ्यात गाजलेला. त्याच्या आधी, १९५४ मध्ये, लॉस एंजेलिसला व्हँपायरा ही अशीच एक सूत्रधार होती. सिनेमे वीस-पंचवीस वर्षांचे जुने, पण दहा वर्षांच्या पोरांना ते कोरे करकरीत. १९५८ मध्ये या राक्षसांना वाहिलेलं 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' हे मासिक निघालं, १९६२ च्या ऑक्टोबरात 'मॉन्स्टर मॅश' हे गाणं देशात पहिल्या नंबरावर गेलं, आणि ऑरोरा कंपनीने प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून बनवायचे पुतळे बाजारात आणले, किंमत डॉलरच्या आत. मुखवटे आलेच. मग ३१ ऑक्टोबरला दारोदार चॉकलेट मागत फिरणारी पोरं ड्रॅक्युला आणि वुल्फ मॅन होऊ लागली.

आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या तळघरात ऑरोराचा वुल्फ मॅन अजून आहे. एका हाताचा अंगठा तुटलाय, दातांवरचा लाल रंग बाहेर ओघळलाय, कारण तेव्हा त्यांच्याकडे बारीक ब्रश नव्हता. तो पुतळा हातात घेतला की ते सिनेमाबद्दल बोलतच नाहीत. आईवडील झोपल्यावर टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून, पडद्याला नाक लावून भावासोबत बसायचे, ते सांगतात. भाऊ आता नाही. तुमच्या ऑफिसातली बरीच मंडळी अशाच कुणाची तरी मुलं किंवा नातवंडं असतील. आजोबांनी बापाला दाखवलं, बापाने त्यांना. १९३१ मध्ये थिएटरात बसलेला आज कोण उरलाय? पण ती ओढ घराघरांतून पुढे सरकत आली आहे. नव्वदच्या दशकात 'झी हॉरर शो' लागला की आपल्याकडे पोरं गोधडीतून एक डोळा बाहेर काढून बघायची, आणि आज तेच लोक त्याच्या सुरुवातीच्या संगीताचा नुसता विषय निघाला तरी खुलतात. अगदी तीच जात आहे या प्रेमाची.

हे प्रेम किती सर्वमान्य आहे बघा. १९९७ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने लुगोसी, कार्लोफ आणि चेनी पिता-पुत्र ('फँटम'वाला लॉन चेनी आणि 'वुल्फ मॅन' झालेला त्याचा मुलगा) यांच्या राक्षसी रूपांतल्या ३२ सेंटच्या तिकिटांचा संच काढला. 'काउंट चॉक्युला' हे १९७१ पासूनचं नाश्त्याचं सीरियल आता हॅलोवीनच्या मोसमातच दुकानात दिसतं, आणि माझ्या ओळखीची पन्नाशीची माणसं ते खोके हौसेने घरी नेतात.

'फ्रँकेन्स्टाइन' आवडला तर लगेच दुसऱ्या दिवशी 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' बघा. माझ्या मते या सगळ्या परंपरेत याच्या तोडीचा दुसरा नाही. जंगलातल्या झोपडीत एक आंधळा म्हातारा राक्षसाला भाकरी देतो, बोलायला शिकवतो, दोघं रडतात. एल्सा लँचेस्टरची ती नवरी शेवटची काही मिनिटंच पडद्यावर आहे, पण पांढऱ्या पट्ट्यांचे ताठ उभे केस आणि हंसासारखा तिचा तो फूत्कार एकदा पाहिलात की विसरणार नाही.

'द वुल्फ मॅन' बघताना त्याचा लेखक कर्ट सिओडमॅक लक्षात ठेवा. तो नाझी जर्मनीतून निसटून आलेला ज्यू. सज्जन माणसावर एका रात्रीत खूण उमटते आणि तो शिकार ठरतो, ही गोष्ट त्याने लिहिली. सिनेमात गावकरी म्हणतात ते लांडगामाणसाचं कवन अनेकांना जुनं लोकगीत वाटतं, ते त्यानेच रचलेलं. १९५४चा 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' तळ्यात पोहणाऱ्या बाईच्या एका दृश्यासाठी बघा. ती पृष्ठभागावर पोहते आणि खाली, तिच्याच लयीत, तिला न कळता तो जलचर पोहतो. तो जीव घडवण्यात मोठा वाटा मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीचा होता, पण पडद्यावर तिचं नाव आलं नाही, याची मला आजही चीड येते. 'द ममी' संथ आहे, वेळ असेल तरच बघा.

बघायची रीत. घरातले दिवे पूर्ण बंद करा, कारण या सिनेमांचा निम्मा खेळ सावल्यांचा आहे. टीव्हीत मोशन स्मूदिंग (हालचाल जास्त गुळगुळीत दाखवणारी सोय) चालू असेल तर ते बंद करा, नाहीतर नव्वद वर्षांपूर्वीचा किल्ला कालच्या मालिकेसारखा दिसतो. नंतर रंग भरलेल्या प्रती टाळा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एका रात्री एकच सिनेमा. शनिवारी रात्री मीटीव्ही वाहिनीवर स्वेंगूली या अशाच सूत्रधाराचा कार्यक्रम लागतो, तोही जरूर बघा. हे पात्र आमच्या शिकागोत १९७० मध्ये सुरू झालं; रिच कोझ १९७९ मध्ये 'सन ऑफ स्वेंगूली' म्हणून आला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून स्वतः स्वेंगूली साकारतोय. अंगावर रबरी कोंबड्या झेलत तो मधल्या वेळात नटांची, सेटची इतकी बारीक माहिती देतो की मी वही घेऊन बसतो.

आणि जवळ एखादं जुनं थिएटर असेल तर ऑक्टोबरात त्यांचा कार्यक्रम तपासा. लॉन चेनीचा १९२५चा मूकपट 'द फँटम ऑफ द ऑपेरा' बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष ऑर्गनच्या साथीने दाखवतात. मुखवटा ओढला जातो त्या क्षणी चारशे माणसांचा श्वास एकदम अडकलेला मी ऐकलाय. तो आणि १९२२चा जर्मन 'नोस्फेराटू' हे दोन्ही अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत, नेटवर फुकट मिळतात. सूर्यप्रकाशाने व्हँपायर मरतो ही कल्पना सिनेमाला 'नोस्फेराटू'ने दिली, ब्रॅम स्टोकरच्या मूळ कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाउजेडी हिंडतो. कादंबरी विनापरवानगी वापरली म्हणून स्टोकरच्या पत्नीने खटला भरून 'नोस्फेराटू'च्या सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम मिळवला होता. काही प्रती वाचल्या, म्हणून आपण तो बघू शकतो.

घरात लहान मुलं असतील तर क्रम बदला आणि १९४८चा 'ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन' आधी लावा. विनोदी जोडी विनोद करते, पण राक्षस आपापलं काम पूर्ण गांभीर्याने करतात, म्हणूनच तो टिकलाय. लॉन चेनी ज्युनियर पुन्हा वुल्फ मॅन आहे आणि लुगोसी त्यात पुन्हा ड्रॅक्युला झालाय. एवढी गाजलेली भूमिका, पण मोठ्या सिनेमात त्याला ती करायला मिळाली दोनदाच, १९३१ला आणि इथे. मुलं चॉकलेटं मोजत बसलेली असतात तेव्हा, ३१ तारखेच्या संध्याकाळी, आमच्याकडे हाच लागतो.